कंपनीची विकी ओस का पडते आणि दुसऱ्यांदा पडू नये म्हणून काय करायचं

प्रश्न: आमच्या कंपनीत साधारण दीडशे लोक आहेत. माहिती शेअर्ड ड्राइव्हवर, मेलमध्ये, चॅटमध्ये आणि बरीचशी चार-पाच जुन्या लोकांच्या डोक्यात आहे. दोन वर्षांपूर्वी विकी (सगळ्यांना वाचता आणि सुधारता येतील अशा पानांची कंपनीची अंतर्गत साइट) सुरू केली, ती वर्षभरात ओस पडली. आता वरून नवं सॉफ्टवेअर घ्यायला सांगितलंय, शक्यतो एआयवालं. कोणतं घ्यावं, रचना कशी ठेवावी आणि लोकांना लिहायला कसं लावावं?

उत्तर:

सॉफ्टवेअरचं शेवटी बोलू. जुनी विकी ज्या कारणाने ओस पडली ते कारण दूर केलं नाही, तर नव्या सॉफ्टवेअरचंही वर्षभरात तेच होईल.

लोक लिहीत नाहीत म्हणून विकी बंद पडते, असं सर्रास समजलं जातं. प्रत्यक्षात क्रम बहुधा उलटा असतो. आधी वाचणारे जातात, मग लिहिणारे. सपोर्टमधला कुणीतरी परताव्याची पद्धत शोधतो. त्याला तीन पानं सापडतात आणि तिन्हींवर मंजुरीची मर्यादा वेगवेगळी असते. त्यातलं एक खरं धरून तो काम करतो आणि तोंडघशी पडतो. असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी तो विकी उघडतच नाही, सरळ शेजारच्याला विचारतो. कुणी वाचत नाही हे कळल्यावर लिहिणाराही हात आखडता घेतो. म्हणून खाली जे जे सांगतोय ते एकाच कसोटीवर तपासा: पानावर लिहिलेलं आज खरं आहे, हे दुसऱ्या कुणाला न विचारता धरून चालता येतं का? पानं कमी असली तर चालेल. कालबाह्य पानं मात्र चांगल्या पानांनाही घेऊन बुडतात.

आधी प्रश्न गोळा करा

रचना, फोल्डर, टॅग यांच्या बैठका घेण्याआधी दोन आठवडे फक्त प्रश्न गोळा करा. प्रत्येक टीममधला एक माणूस नेमा आणि एका साध्या शीटमध्ये पाच रकाने ठेवा: प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत, कुणी विचारला, कुणी उत्तर दिलं, उत्तर मिळायला किती वेळ लागला, आणि ते आधी कुठे लिहिलेलं होतं का. चॅटमधले सार्वजनिक चॅनल, सपोर्टची तिकिटं आणि गेल्या सहा महिन्यांत रुजू झालेले लोक, या तीन ठिकाणी सगळ्यात जास्त माल मिळतो. नव्या माणसांना आवर्जून बसवून विचारा. जुन्यांना जे दिसेनासं झालेलं असतं ते त्यांना अजून दिसतं.

प्रश्न 'शुद्ध' करू नका. लोक 'व्हीपीएन लागत नाहीये' असं म्हणतात. पानाचं शीर्षक 'दूरस्थ जोडणी धोरण' असेल तर शोधणाऱ्याला ते सापडणार नाही. विचारणाऱ्याचे शब्द तुम्हाला पुढे शीर्षकांसाठी आणि शोधाच्या समानार्थी यादीसाठी लागतात. काम दोन भाषांत चालत असेल तर 'रजा' आणि 'लीव्ह' हे दोन्ही शब्द यादीत हवेत, आणि ते ज्या ज्या लिपीत टाइप होतात त्या सगळ्या लिप्यांत.

दोन आठवड्यांनी शीट वाचली की तेच तेच प्रश्न किती जण विचारतात ते दिसेल. वारंवार येणारे, उत्तराला उशीर लागणारे आणि एकाच माणसाकडे जाणारे प्रश्न वर घ्या. त्यातून तीस-चाळीस पानांची यादी निघते, आणि पहिल्या टप्प्यासाठी एवढी पुरे. ज्याबद्दल कुणी विचारलेलंच नाही अशा विषयावर पान लिहायची घाई करू नका. अपवाद फक्त आणीबाणीच्या कृतींचा: सर्व्हर बंद पडला, डेटा फुटला, माणूस जखमी झाला. हे प्रश्न क्वचित येतात, पण आले की विचारत बसायला वेळ नसतो.

कोणती माहिती कुठे राहील

कंपनीतली माहिती ढोबळमानाने तीन तऱ्हेची असते. पहिली म्हणजे नोंदी: करार, बैठकीचं इतिवृत्त, सही झालेली ऑर्डर. त्या एकदा झाल्या की बदलत नाहीत, त्यांना तारीख असते आणि त्या ठराविक काळ जपाव्या लागतात. दुसरी म्हणजे चालू पानं: काम कसं करायचं, नियम काय, यंत्रणा कशी आहे. ती सतत खरी ठेवावी लागतात. तिसरी म्हणजे बोलाचाली: चॅट, मेल. ती वाहून जाणारच, आणि जाऊ द्यावी. फक्त त्यातलं टिकाऊ तेवढं उचलून चालू पानात टाकायचं. तुमच्या ड्राइव्हवर सगळा घोळ झालाय तो या तिघांची सरमिसळ झाल्यामुळे. 'किंमत_अंतिम_नवीन_२' ही फाइल नोंद आहे की चालू पान, हे तिच्या मालकालाही सांगता येणार नाही.

म्हणून प्रत्येक प्रकारच्या माहितीचं ठिकाण ठरवून एका पानावर लिहून टाका. ग्राहकाशी झालेला व्यवहार सीआरएममध्ये (ग्राहकांची माहिती ठेवणारं सॉफ्टवेअर), कोडबद्दलची माहिती कोडच्याच रिपॉझिटरीत (कोड साठवतात ती जागा), सही झालेले करार कागदपत्रांच्या संग्रहात, मसुदे ड्राइव्हवर, काम कसं करायचं ते विकीत. पासवर्ड आणि गुप्त चाव्या विकीत कधीच नाहीत, त्यासाठी पासवर्ड मॅनेजर. हे पान छोटं असलं तरी सगळ्यात जास्त भांडणं यावरच होतात, तेव्हा ते टीमप्रमुखांना एकत्र बसवून एकाच बैठकीत ठरवा.

त्याला जोडून एक नियम: आकडा किंवा अट एकाच ठिकाणी लिहायची, बाकी सगळीकडे दुवा द्यायचा. मंजुरीची मर्यादा मंजुरीच्या तक्त्यात. परताव्याच्या पानावर ती उतरवून घेतली की दोन महिन्यांनी दोन मर्यादा तयार होतात. वाचणाऱ्याला एक क्लिक जास्त पडेल, पडू द्या.

नावांबद्दल थोडक्यात. नोंदींच्या नावात सुरुवातीला तारीख घाला, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे यादी आपोआप लागते. चालू पानाच्या नावात तारीख, आवृत्ती किंवा 'अंतिम' हा शब्द कधीच नको. बदलांचा इतिहास विकी स्वतः ठेवते.

पान कसं असावं

डॅनिएल प्रोचिदा यांनी मांडलेली डायटॅक्सिस नावाची पद्धत तांत्रिक दस्तऐवज चार प्रकारांत विभागते: शिकवणी, कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण. नवख्याला हाताला धरून शिकवणं, जाणकाराला विशिष्ट काम करायला मदत करणं, नेमकी माहिती चटकन बघायला देणं आणि 'असं का' ते समजावणं, ही चार वेगळी कामं आहेत. ती एका पानात कोंबली की चौघांचीही पंचाईत होते. ही पद्धत सॉफ्टवेअरसाठी बनली असली तरी हिशेब विभाग किंवा गोदामालाही तशीच लागू पडते. कंपनीच्या आतल्या पानांत कृतीची पानं सर्वाधिक लागतात, त्यामुळे त्यांचा साचा आधी पक्का करा. असा:

शीर्षक: ग्राहकाला पैसे परत कसे करायचे
थोडक्यात: परताव्याची विनंती बिलिंगमध्ये नोंदवा. मर्यादेच्या वरची रक्कम असेल तर आधी टीमप्रमुखाची मंजुरी घ्या (दुवा: मंजुरीचा तक्ता).
कुणासाठी: सपोर्ट
आधी काय हवं: बिलिंगमध्ये 'परतावा' अधिकार, मूळ बिलाचा क्रमांक
पायऱ्या: १. बिल उघडा. वरच्या पट्टीत स्थिती 'भरलेलं' दिसली पाहिजे. २. 'परतावा' दाबा, कारण निवडा…
अडलं तर: 'परतावा' बटण फिकं दिसत असेल तर बिल मागच्या आर्थिक वर्षातलं आहे, हिशेब विभागाकडे तिकीट टाका.
ओनर: सपोर्ट प्रमुख. शेवटचं तपासलं: … पुढची तपासणी: …

यात तीन गोष्टी लोक हमखास गाळतात. पहिली, प्रत्येक पायरीनंतर पडद्यावर काय दिसायला हवं. ते नसेल तर दुसऱ्या पायरीवर चुकलेल्या माणसाला आठव्या पायरीवर पत्ता लागतो. दुसरी, 'अडलं तर' हा भाग. खरं ज्ञान तिथेच असतं, कारण सरळ रस्ता पडद्यावर कुणालाही दिसतो. तिसरी, 'कुणासाठी' आणि 'आधी काय हवं'. अधिकार नसलेला माणूस पंधरा मिनिटं बटण शोधत बसतो आणि दोष पानाला देतो.

स्क्रीनशॉट जपून वापरा. पानाचा सगळ्यात आधी नासणारा भाग तोच. सॉफ्टवेअरचा रंग बदलला तरी वाचणाऱ्याला वाटतं पान जुनं आहे. बटणाचं नाव लिहून भागत असेल तिथे चित्र नको. गुंतागुंतीचा पडदा असेल तर लागेल तेवढाच तुकडा कापून लावा, आणि त्यात ग्राहकाचं नाव किंवा फोन दिसत नाही ना ते बघा.

पान लिहून झालं की ज्याने ते काम कधी केलेलं नाही अशा माणसाला ते देऊन काम करायला सांगा. लिहिणाऱ्याने शेजारी बसायचं आणि गप्प राहायचं. जिथे तो थबकला तिथे वाक्य कमी पडतंय. यापेक्षा चांगलं संपादन कुठलाही संपादक करू शकत नाही.

'असं का' हे सगळ्यात लवकर हरवतं

पद्धत कशीबशी लोकांच्या हातून टिकते, कारण ती रोज वापरात असते. कारणं मात्र टिकत नाहीत. तीन वर्षांपूर्वी एका पुरवठादाराला नकार का दिला, एखादी अट करारात का घातली, हे माहीत असलेला माणूस गेला की तीच चर्चा पुन्हा पहिल्यापासून होते आणि कधीकधी तीच चूकही.

यासाठी सॉफ्टवेअरवाल्यांकडे एक आयता साचा आहे. मायकल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडलेल्या निर्णय-नोंदीत पाच भाग असतात: शीर्षक, स्थिती, परिस्थिती, निर्णय, परिणाम. एक-दोन पानांच्या वर जायचं नाही. प्रत्येक नोंदीला क्रमांक, आणि निर्णय पक्का झाल्यावर मजकूर बदलायचा नाही. पुढे निर्णय फिरला तर नवी नोंद करायची आणि जुनीच्या स्थितीत 'रद्द, पाहा क्रमांक अमुक' लिहायचं. मी यात एक ओळ वाढवायला सांगतो: विचारात घेऊन सोडलेले पर्याय आणि ते सोडण्याचं कारण. नंतर नोंद उघडणारा माणूस बहुतेकदा तेच शोधत आलेला असतो. परिणामांत तोटेही प्रामाणिकपणे लिहा. फक्त फायदे लिहिलेली निर्णय-नोंद म्हणजे जाहिरात. सगळ्या निर्णयांची अशी नोंद करायला गेलात तर महिन्याभरात लोक कंटाळतील. बदलायला महाग पडतील अशाच निर्णयांची करा.

रचना

संघटनेच्या तक्त्याप्रमाणे विभाग पाडणं ही नेहमीची चूक. तक्ता वर्षा-दोन वर्षांत बदलतो आणि मग 'वाढ विभाग' नावाच्या फोल्डरमध्ये नेमकं काय आहे ते कुणालाच कळत नाही. कामाप्रमाणे पाडा: विक्री करणं, ग्राहकाला मदत करणं, उत्पादन बनवणं, माणसं, पैसा, सुरक्षा. वरच्या पातळीवर सहा ते आठ, खाली दोन पातळ्या, बस्स. प्रत्येक विभागाला हाताने बनवलेलं 'इथून सुरुवात करा' पान द्या. आपोआप तयार झालेली अकारविल्हे यादी कुणी वाचत नाही. टॅग ठेवायचे तर वीस-तीसचीच बंद यादी ठेवा. मोकळे सोडले की 'बिल', 'बिलं' आणि 'बिलिंग' हे तीन टॅग पहिल्याच आठवड्यात तयार होतात.

परवानग्यांबाबत सुरुवात उघड्यापासून करा: कंपनीतल्या सगळ्यांना सगळं वाचता येईल, आणि बंद काय ठेवायचं त्याची यादी. पगार, वैयक्तिक आणि वैद्यकीय माहिती, कायदेशीर प्रकरणं, जाहीर न झालेले व्यवहार, सुरक्षेतल्या त्रुटी. परवानगी गटाला द्या, एकेका माणसाला नाही. नाहीतर बदली झालेल्याकडे जुने अधिकार तसेच राहतात.

ओनर आणि तपासणी

विश्वास टिकतो की जातो ते इथेच ठरतं, आणि याच कामाचा सगळ्यांना कंटाळा असतो.

प्रत्येक चालू पानाला एकच ओनर. 'सपोर्ट टीम' हा ओनर नव्हे, कारण आठ जणांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही. ओनरशिप पदाला लावा आणि त्या पदावर आज कोण आहे ते नाव एका तक्त्यात ठेवा. माणूस नोकरी सोडतो किंवा दुसऱ्या टीममध्ये जातो तेव्हा लॅपटॉप परत घेण्याच्या यादीतच 'पानांचे ओनर बदलले' ही ओळ हवी. एका माणसाकडे वीस-पंचवीसपेक्षा जास्त पानं आली की तपासणी नावापुरती उरते. तेव्हा पानं तरी वाटून द्या किंवा कमी तरी करा.

सगळ्या पानांना सारखीच मुदत देऊ नका. पान किती लवकर नासतं आणि चुकलं तर किती महागात पडतं, यावर मुदत ठरवा. आणीबाणीच्या कृती तीन महिन्यांनी, रोजच्या कामाच्या पद्धती सहा महिन्यांनी, धोरणं वर्षाने. कॅलेंडरपेक्षाही घटनेला बांधलेली तपासणी जास्त कामाची: नवं व्हर्जन बाहेर पडलं, दरपत्रक बदललं, पुरवठादार बदलला, की त्या बदलाच्या कामाच्या यादीतच 'लागू पडणारी पानं सुधारली' ही पायरी ठेवा. ही पायरी पूर्ण झाल्याशिवाय काम 'झालं' धरायचं नाही.

तपासणी म्हणजे 'बरोबर आहे' असं बटण दाबणं असेल तर ती न केलेलीच बरी. आपोआप येणाऱ्या आठवणीच्या मेलवर लोक डोळे मिटून क्लिक करतात, आणि मग पानावर ताजी तारीख आणि शिळा मजकूर असा सगळ्यात धोकादायक मेळ जमतो. कृतीचं पान तपासायचं म्हणजे त्या पायऱ्या करून बघायच्या. ते शक्य नसेल तर मागच्या तीन महिन्यांत ज्याने ते काम केलंय त्याला पान वाचायला देऊन दोन मिनिटं विचारायचं.

मुदत संपलेल्या पानावर वरच्या बाजूला ठळक पट्टी दिसू द्या: 'तपासलेलं नाही, ओनरला विचारा'. तीस दिवसांत कुणी हात लावला नाही तर पान संग्रहात टाका. संग्रहातलं पान पत्ता असेल तर उघडतं, पण शोधात येत नाही. लगेच पुसू नका. चुकून गेलेलं परत आणता आलं पाहिजे. नोंदींना तर हा नियम लावूच नका, त्यांची जपणूक किती वर्षं करायची ते कायदा आणि करार ठरवतात. ते आधी कायदेशीर सल्लागाराकडून लिहून घ्या.

लोकांना लिहायला कसं लावायचं

'शुक्रवारी सगळ्यांनी एक तास डॉक्युमेंटेशन' हे चार शुक्रवार चालतं. लिहिण्यासाठी वेगळा वेळ काढण्यापेक्षा लिहिणं कामातच बसवा. सपोर्टच्या जगात यासाठी केसीएस (नॉलेज-सेंटर्ड सर्व्हिस) नावाची पद्धत आहे. कन्सॉर्शियम फॉर सर्व्हिस इनोव्हेशन ही संस्था १९९२ पासून ती घडवत आली आहे. तिचं मूळ साधं आहे. प्रश्न आला की आधी शोधा. पान सापडलं तर वापरा आणि चुकीचं वाटलं ते तिथल्या तिथे सुधारा. सापडलं नाही तर प्रश्न सोडवतानाच, विचारणाऱ्याच्या शब्दांत, कच्चं पान तयार करा. ते वापरलं गेलं की पक्कं होत जातं. म्हणजे कुठल्या पानावर मेहनत घ्यायची ते मागणीच ठरवते.

इतर टीमसाठी याचं सोपं रूप असं: चॅटमध्ये पहिल्यांदा आलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच द्या. तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला की उत्तर पानात लिहा आणि चॅटमध्ये फक्त दुवा टाका. दुवा टाकताना 'विकी वाचत जा' असं सुनावू नका. एकदा सुनावलं की तो माणूस पुढच्या वेळी विकी वाचत नाही, खाजगी मेसेजमध्ये दुसऱ्याला विचारतो, आणि तो प्रश्न तुमच्या नजरेतून निसटतो.

पानांमागे बक्षीस ठेवू नका. 'महिन्याला तीन पानं' असं लक्ष्य दिलं की महिन्याला तीन निरुपयोगी पानं मिळतात. झेरॉक्स कंपनीने १९९०च्या दशकात कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांच्या युक्त्या जमवण्यासाठी युरेका नावाची प्रणाली उभारली. तिथे पैशांपेक्षा दोन गोष्टी कामी आल्या: युक्ती जाणकार सहकाऱ्यांनी तपासल्यावरच प्रसिद्ध व्हायची, आणि तिच्यावर देणाऱ्याचं नाव असायचं. तुमच्याकडेही पानावर लिहिणाऱ्याचं नाव ठेवा. आणि वार्षिक मूल्यमापनात पानांची संख्या विचारण्याऐवजी 'याच्या पानांनी कुणाचं काम सोपं झालं' हे त्याच्या सहकाऱ्यांना विचारा.

यासाठी एक माणूस लागेलच. दीडशे लोकांच्या कंपनीत अर्धवेळ पुरतो. त्याने पानं लिहायची नाहीत. दुहेरी पानं जोडायची, ओनर नसलेली पानं वाटायची, शोधाची नोंद (लोकांनी विकीत काय काय शोधलं त्याची यादी) वाचायची, साचा मोडला असेल तर नीट करायचा. माळ्यासारखं काम आहे: लावण्यापेक्षा छाटणी जास्त. हे काम 'सगळ्यांनी मिळून करू' म्हणून सोडलं तर वर्षभराने पुन्हा हाच प्रश्न विचाराल.

जुन्या लोकांच्या डोक्यातलं

सगळं ज्ञान कागदावर उतरत नाही. तत्त्वज्ञ मायकल पोलान्यी यांनी १९६०च्या दशकात हेच मांडलं होतं: माणसाला जितकं सांगता येतं त्यापेक्षा जास्त येत असतं. त्यामुळे निघालेल्या माणसाला शेवटच्या आठवड्यात 'तुला येतं ते सगळं लिहून दे' म्हणणं फोल आहे. तो त्याला सोपं वाटतं ते लिहील, आणि अवघड ते त्याला अवघड वाटतच नसल्याने लिहिणार नाही.

त्याऐवजी तासाभराची पाच-सहा सत्रं घ्या. लिहिणारा दुसरा असावा, शक्यतो ज्याच्याकडे काम जाणार आहे तोच. प्रश्न 'तू काय करतोस' असे मोघम नकोत. त्याचं गेल्या बारा महिन्यांचं कॅलेंडर समोर उघडा आणि वर्षातून एकदाच येणारी कामं शोधा. हुकतात ती हीच. मग विचारा: तुला थेट फोन कोण करतं आणि कशासाठी? कुठल्या सूचनेकडे तू दुर्लक्ष करतोस, आणि कुठली आली की हातातलं काम टाकतोस? बिघाड झाल्यावर सगळ्यात आधी काय बघतोस? नियमाबाहेर जाऊन तू कधी काम केलंस आणि का?

शेवटच्या दोन सत्रांत भूमिका उलट करा. नवा माणूस काम करेल, जुना बघेल आणि चूक होत असेल तरच बोलेल. तो जिथे जिथे बोलला तेवढंच पानात भरा; न लिहिलेलं ज्ञान तेच असतं. तुमच्याकडे हे चार-पाच लोक अजून आहेत, तर ते राजीनामा देण्याची वाट बघू नका. त्यांना सलग दोन आठवडे रजेवर पाठवून काय काय अडतं ते टिपून ठेवा. ही यादी कुठल्याही मुलाखतीपेक्षा नेमकी असते.

शोध आणि एआय

एआयवर आधारित उत्तर देणारी बहुतेक साधनं आधी तुमच्या पानांतून जुळणारे तुकडे शोधतात आणि मग भाषेचं मॉडेल त्या तुकड्यांवरून उत्तर रचतं. म्हणजे परताव्याची तीन परस्परविरोधी पानं असतील तर माणसाला निदान तीन पानं दिसतात आणि तो सावध होतो. एआय त्यातलं एक उचलून ठामपणे सांगून मोकळं होतं. म्हणून पसाऱ्यावर एआय बसवू नका. पहिली चाळीस पानं खरी करा, मग फक्त त्यांच्यावर बसवा.

घेताना काय बघायचं: एक, प्रत्येक उत्तराखाली मूळ पानाचा दुवा आणि तपासल्याची तारीख. दोन, माहिती नसेल तेव्हा 'सापडलं नाही' म्हणायची तयारी. तीन, शब्दशः आणि अर्थावरून असे दोन्ही शोध एकत्र. केवळ अर्थावरून शोधणारी प्रणाली एरर कोड, बिल क्रमांक, भागांचे क्रमांक यांत गडबडते. चार, आणि सगळ्यात महत्त्वाचं, विचारणाऱ्याला जे पान उघडायचा अधिकार आहे त्यातूनच उत्तर. ड्राइव्हवर कधीतरी 'दुवा असलेल्या सगळ्यांना' म्हणून उघडी ठेवलेली पगाराची शीट इतकी वर्षं कुणाला सापडली नव्हती, कारण शोध वाईट होता. चांगला शोध ती पहिल्याच दिवशी समोर आणतो. तेव्हा जोडणी करण्याआधी असे उघडे दुवे शोधून बंद करा.

अशा साधनांसाठी पानं लिहिताना प्रत्येक उपशीर्षकाखालचा मजकूर स्वतंत्रपणे कळेल असा ठेवा, कारण पान तुकड्यांत वाचलं जातं. 'वर सांगितल्याप्रमाणे' किंवा 'तीच पद्धत' असं लिहिलं की तुकडा निरर्थक होतो. खरं तर मधूनच पान उघडणाऱ्या माणसालाही त्याचा त्रासच होतो. तुमच्या शीटमधले पन्नास खरे प्रश्न आणि त्यांची बरोबर पानं अशी एक परीक्षा तयार ठेवा, आणि साधनात काहीही बदललं की ती पुन्हा चालवा. विक्रेत्याच्या डेमोवर विसंबू नका. डेमोतले प्रश्न त्याने निवडलेले असतात.

दर आठवड्याला पंधरा मिनिटं शोधाची नोंद वाचा. ज्या शोधाला काहीच सापडलं नाही, आणि ज्यात सापडलेल्यावर कुणी क्लिक केलं नाही, त्या दोन याद्या म्हणजे पुढच्या आठवड्याचं काम.

आता सॉफ्टवेअर

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली तेव्हापासून तिची मूळ गरज बदललेली नाही: वाचता वाचता पटकन दुरुस्त करता आलं पाहिजे. कॉन्फ्लुएन्स, शेअरपॉइंट, नोशन, मीडियाविकी, यांतलं कुठलंही चालेल, जर चूक दिसल्यापासून ती सुधारेपर्यंत अर्धा मिनिट लागत असेल, बदलांचा इतिहास राहत असेल, गटवार परवानगी देता येत असेल, पानाला ओनर आणि मुदत लावता येत असेल. टीममध्ये बहुतांश अभियंते असतील तर गिटमधल्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) साध्या मजकूर-फाइल्स उत्तम. विक्री आणि हिशेबवाल्यांना मात्र त्या वापरायला लावू नका. कंपनीत आधीच पैसे भरलेलं एखादं साधन असेल आणि ते या अटींत बसत असेल, तर तेच घ्या.

विकत घेण्याआधी त्यातून माहिती बाहेर काढता येते का ते बघा. तक्ते, चित्रं आणि आपसांतले दुवे असलेली वीस पानं त्यात बनवा आणि सगळी निर्यात करा. बाहेर काय येतं ते बघितल्याशिवाय करार नको.

कुणी आयएसओचा (आंतरराष्ट्रीय मानकांचा) विषय काढला तर: गुणवत्ता व्यवस्थापनाच्या ९००१ या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ हे कलम संस्थेच्या ज्ञानाबद्दलच आहे. कामासाठी कोणतं ज्ञान लागतं ते ठरवा, जपा आणि उपलब्ध ठेवा, एवढंच ते मागतं. अमुक सॉफ्टवेअर किंवा अमुक दस्तऐवज मागत नाही. ज्ञान व्यवस्थापनासाठी ३०४०१ हे वेगळं मानक २०१८ मध्ये आलं, पण दीडशे लोकांच्या कंपनीने सुरुवात तिथून करायची गरज नाही.

मोजायचं काय, हे वरून विचारतील. पानांची संख्या आणि व्ह्यू देऊ नका, दोन्ही आकडे फुगवता येतात. मुदत उलटलेल्या पानांचं प्रमाण, रिकाम्या गेलेल्या शोधांचं प्रमाण, चॅटमध्ये पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि नव्या माणसाला पहिलं काम एकट्याने करायला लागलेले दिवस, हे चार द्या. शिवाय दर तिमाहीला कुठलीही दहा पानं उचला आणि त्यावरून काम होतं का ते करून बघा. दहापैकी दोन चुकीची निघाली तर नवी पानं लिहिणं थांबवून आधी जुनी दुरुस्त करा.

जुन्या विकीतून सगळं आणू नका. गेल्या बारा महिन्यांत वाचलं गेलेलं आणि ज्याला आज कुणी ओनर व्हायला तयार आहे, एवढंच आणा. ज्याला कुणी आपलं म्हणत नाही ते पान आणलं तरी नासणारच. जुनी विकी आणि ज्यातून माहिती आणली ते ड्राइव्हचे फोल्डर, पानं हलवली त्याच दिवशी फक्त वाचण्यापुरते ठेवा, प्रत्येक जुन्या पानावर नव्या ठिकाणाचा दुवा टाका, आणि सहा महिन्यांनी बंद करा. बंद करायच्या तारखेला कुणीतरी 'अजून महिनाभर राहू द्या' म्हणेलच. त्याला नेमकी कोणती पानं लागतात ती यादी मागा, तेवढी हलवा, आणि ठरल्या तारखेला कुलूप लावा.